कवडीला विकलेलं लेकरू

राजेहो, माझा राजा नावाचा बैल बालवाडीत शिकलेला होता. हसू नका. नाचणगावापासून आर्वीपर्यंत कोणालाही विचारा. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना विचारा, बाकीच्यांना विचारून काय करता? बालवाडीच्या निंबाला मी त्याला बांधत असे, आणि आत भागीरथाबाई पोट्ट्यांकडून एक-दोन-तीन म्हणवून घेत. ऐकून ऐकून बैल इतका तयार झाला की गाडीत चौथं पोतं पडलं की मान वळवून माझ्याकडं पाहायचा. पुढचे आकडे यायच्या आत म्हातारा झाला, नाहीतर तलाठी झाला असता.

ही थाप मी पहिल्यांदा मारली ती कवडूसाठी. एवढंसं पोट्टं, झिपऱ्या डोळ्यांवर, गाडीच्या चाकाला धरून उभं राही आणि मी थांबलो की म्हणे, "आन् मंग?" त्याच्या या 'आन् मंग'पायी मला रोज नवं काहीतरी जुळवावं लागे.

आमच्याकडं बालवाडी निघाली ती स्वराज्यानंतर सहा-सात वर्षांनी. वर्ध्याला शिकून भागीरथाबाई आल्या. लहानपणी लग्न, लहानपणीच विधवा. नवऱ्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता, तर लेकरू कुठून असणार? पण कापूस वेचायला जाणाऱ्या बाया अंगावरची लेकरंदेखील त्यांच्यापाशी टाकून जात. निंबाच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या असत. एक रडलं की सगळ्या झोळ्या सूर लावत. बाई पायानं एक झोळी हलवत, हातानं दुसरी, तोंडानं गाणं म्हणत, आणि तेवढ्यात रांगत आलेल्या तिसऱ्याचं नाक पुसत. बाईंना चार हात आहेत असं मी आर्वीच्या बाजारात सांगत असे. बाप्यांना ते पटत नसे, बायांना लगेच पटे.

नत्थू सालदाराची बायको रुखमा. तिची लेकरं जगत नव्हती. होत, महिना-दोन महिने दूध पीत, आणि जात. पुन्हा मुलगा झाला तेव्हा तिनं बाराव्या दिवशी तो सुपात घातला आणि बालवाडीच्या उंबऱ्यावर आणून ठेवला.

"बाई, हे घ्या विकत."

"काय बोलून राह्यली रुखमा? लेकरं विकतात का?"

"विकलं का जगते. माह्या घरचं म्हनलं का मरनाले त्याचा पत्ता लागते. तुमचं म्हना, म्हंजे मरन माह्या दारातून हात हालवत जाईन."

"मी शिकलेली आहे. मी असलं मानत नाही."

"तुम्ही नोका मानू वो. तुम्ही फक्त घ्या. मानाले मी आहो ना."

बाईंनी तिला घरी पाठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण रुखमा ओली बाळंतीण, उन्हात बसून राहिली. शेवटी बाईंनी पोरांना मोजायला शिकवायची पेटी उघडली. चिंचोके आणि कवड्या असत तिच्यात. त्यातली एक कवडी त्यांनी रुखमाच्या हातावर ठेवली आणि सूप उचलून घेतलं. रुखमानं ती कवडी काळ्या दोऱ्यात ओवून पोराच्या गळ्यात बांधली. नाव पडलं कवडू.

आमच्याकडची ही रीत अशी, की जावळ काढेपर्यंत लेकरू घेणारीचं. आईनं दूध पाजावं, रात्री कुशीत घ्यावं, पण 'माझं' म्हणू नये. जावळ काढायच्या दिवशी घेणारीनं आपल्या हातानं ती कवडी सोडायची आणि वाहत्या पाण्यात टाकायची. कवडी वाहून गेली की सौदा मोडला, लेकरू आईचं.

आणि कवडू जगला. जगला म्हणजे काय, गाव डोक्यावर घेऊन जगला. दिवसभर बालवाडीत. दात येताना दुसरं काही न मिळाल्यागत तीच कवडी चघळी, तिची पाठ पार तुळतुळीत झाली. बोलू लागला तेव्हा भागीरथाबाईंना 'माय' म्हणे, आणि आईला नावानं हाक मारी. "ए रुखमे, भाकर दे!"

"देतो मालक," रुखमा म्हणे.

विहिरीवर बाया चिडवत, "काऊन व रुखमे, पोट्टं तुले नावानं हाक मारते?"

"मारू दे. जित्तं आहे म्हनून मारते."

संध्याकाळी रुखमा न्यायला आली की कवडू बाईंच्या पदराला लटके. बाई एकेक बोट सोडवत. त्या वेळी त्या दोघी एकमेकींकडं पाहत नसत.

संक्रांत झाली, वेचणी सरत आली, आणि जावळाचा दिवस ठरला. नदीवर जायला गाडी माझीच. न्हाव्यानं झिपऱ्या काढल्या, तेव्हा खालून भलतंच लहान डोकं निघालं. बाई त्याच्यापुढं बसल्या. दोऱ्याची गाठ घट्ट बसली होती, ती त्यांनी दातांनी सोडवली. मग पाण्याच्या कडेला जाऊन उजवा हात उघडला. कवडी टुपकन पडली.

रुखमानं पोराला उचललं आणि ओरडली, "माहा कवडू! माहा!" असं ओरडली, की पुलगाव ठेसनावर उभी गाडी शिट्टी न होताच निघाली. सगळे हसले. बाईही हसल्या, कवडूच्या तोंडात गूळ घातला.

पण डाव्या हाताची मूठ त्यांनी गाव येईपर्यंत उघडली नाही. मी जन्माचा थापाड्या, मला दुसऱ्याची थाप बरोबर कळते. पाण्यात पडली ती पेटीतली दुसरीच कवडी होती. चघळलेली कवडी बाईंच्या मुठीत होती. बाईंच्या लेखी त्यात चूक ती काय? त्या मानतच नव्हत्या. त्यांना कोणतीही कवडी पाण्यात पडली तरी सारखीच.

रीतीचं आणखी एक शेपूट होतं. सोडवून नेलेल्या लेकरानं पोळ्यापर्यंत घेणारीचा उंबरा ओलांडू नये. कवडू काटेरी कुंपणाबाहेर उभा राही आणि हाक मारी, "माय! ए माय!" बाईंचा हात कोणाच्या तरी नाकाशी थबके. मग त्या सांगत, "मी बाई. माय तुझी घरी आहे, बाळा." आणि पाठ फिरवून झोळी हलवायला लागत. कधी कधी त्या झोळीत कोणी नसे.

तिथून पोट्टं माझ्या गाडीपाशी येई. "नानाजी, राजानं काय केलं?"

वैशाखात गोवर आला. निंबाखालच्या झोळ्या निम्म्या रिकाम्या लटकू लागल्या. कवडूच्या अंगावर पुरळ उठलं, मावळलं, आणि ताप छातीत उतरला. सकाळीच नत्थू धावत आला.

"नानाजी, गाडी जुपा. पुलगावले न्या लागते."

रुखमानं पोराला मांडीवर घेतलं होतं. नत्थू गाडीला हात लावून मागं मागं पळत होता. मी बैल हाकत होतो आणि मागं न पाहता सांगत होतो, की राजानं एकदा साहेबाच्या गाडीत चौथं पोतं पाहिलं, मान वळवली आणि साहेबाला म्हणाला... इथं मी थांबलो. पोट्ट्याचं 'आन् मंग' यायचं म्हणून थांबलो.

ते आलं नाही.

डॉक्टरचं दार आलं तेव्हा विचारायला काही उरलं नव्हतं. आम्ही तशीच गाडी वळवली.

परतताना नदीच्या उतारात बाई दिसल्या. गाडी गेल्याचं त्यांना कळलं होतं, आणि त्या बालवाडी तशीच टाकून नदीकडं पळत आल्या होत्या. मुठीतली कवडी सोडायला, अर्धी राहिलेली रीत पुरी करायला. न मानणारी बाई! पण वैशाखातली नदी ती. सगळी वाळू, आणि मधे एक हिरवं, उभं पाणी. वाहता ओघळ कुठं सापडतो का म्हणून त्या वळणापर्यंत जाऊन आल्या होत्या. पायात काही नव्हतं, तळवे भाजले होते. दवाखान्यातून येणारी गाडी इतकी हळू चालली आहे, हे पाहूनच त्या समजल्या.

मी बैल थांबवले. रुखमाच्या डोळ्यांत थेंब नव्हता.

बाईंनी मूठ उघडली. "रुखमा, ही त्याची. त्या दिवशी पाण्यात टाकली ती दुसरी होती. ही मी ठेवून घेतली."

"काऊन बाई?" नत्थूनं मागून विचारलं.

"मला त्याचं काहीतरी पाहिजे होतं."

रुखमा त्या कवडीकडं पाहत राहिली. ही आता बाईंच्या अंगावर धावून जाणार, असं वाटून मी गाडीच्या दांडीवरून पाय खाली घेतला.

"म्हंजे सौदा मोडला नव्हता," रुखमा म्हणाली.

"नव्हता."

"मंग जातानी तो माहा नव्हता. तुमचा होता."

रुखमा गाडीत एका अंगाला सरकली आणि शेजारची जागा तिनं हातानं झाडली.

"या. बसा इथं. घ्या त्याले मांडीवर."

बाई चढल्या. रुखमानं पोराला त्यांच्या मांडीवर ठेवलं, कवडी त्यांच्या हातातून घेतली, आपल्या पदराची किनार फाडून तिच्यात ओवली आणि पोराच्या गळ्यात बांधली. मग बाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"रडा वो बाई. तुमचं गेलं."

तेव्हा बाई रडल्या. जरा वेळानं रुखमाही रडली.

गाव येईपर्यंत मी बैलांना एकदाही हाक घातली नाही.