दहा मिनिटं पुढचं घड्याळ

भोंगेमामांनी कारखान्यात एकतीस वर्षं भोंगा वाजवला. निवृत्त झाल्यावर हा माणूस गप्प बसेल असं ज्यांना वाटलं, ते त्यांना ओळखत नव्हते. शेवटी घरच्यांचे कान वाचावेत म्हणून मेहुणीने त्यांना अन्न वाचवणाऱ्या मंडळात ओढलं. दुपारी एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये जायचं, उरलेलं, कुणाचा हात न लागलेलं जेवण पातेल्यांत भरायचं आणि निवाऱ्यातल्या बेघर माणसांना नेऊन वाढायचं. काम साधंच होतं. पण त्याला एक नियम होता, आणि नियम म्हटला की मामांना दहा हत्तींचं बळ यायचं.

अन्न शेगडीवरून उतरल्यापासून दोन तासांत ताटात पडलं पाहिजे, हा तो नियम. पूर्वी एकदा उशिराचा भात खाऊन अकरा जणांची पोटं बिघडली होती, तेव्हा तो केलेला. आचारी कँटीनच्या घड्याळात बघून वेळ सांगायचा, मामा ती खडूने झाकणावर लिहायचे. निवाऱ्यात पोचल्यावर मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि पहिला घास स्वतः खायचे. वेळ उलटली असेल तर सगळं खताच्या खड्ड्यात. दोन वर्षांत तीनदा तसं झालं होतं. मामांनी घड्याळ बघितलं की दुसरं कुणी आपलं बघत नसे.

आता यातली गोम अशी, की मामांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. मूळचे मामा म्हणजे उशिराचा अवतार. नोकरीच्या पहिल्याच दिवशी बायकोने काटे पुढे सरकवून ते त्यांच्या हातावर बांधलं होतं. "चारशे माणसं तुमच्या भोंग्यावर चालणार, तुम्ही माझ्या घड्याळावर चाला," ती म्हणाली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण मामांनी काट्यांना हात लावला नव्हता. मंडळात त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. दहा मिनिटं सावधगिरीची, त्यात कुणाचं काय जातंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशी निवारा किलोमीटरभर राहिला असताना गाडी पंक्चर झाली. गाडी चालवणाऱ्या ताईने जॅक काढला, तर तो गंजून बसलेला. तिने निवाऱ्यात फोन लावला, बोलली, आणि बाहीने कपाळ पुसत म्हणाली, "मामा, ते लोकच इकडे यायला निघालेत."

आणि खरोखरच आले. भर उन्हात, हातात ताटं घेऊन, त्रेपन्न माणसं. एकाने दुसऱ्याला पाठुंगळी घेतलेलं. एका म्हाताऱ्याला हातगाडीवर बसवून दोघे ढकलत होते. पुढे मोठी आई, म्हणजे निवाऱ्यात पंगत बसवणारी बाई. सगळे फुटपाथवर ओळीने टेकले. ताईने झाकण उचललं तशी गरम भाताची आणि बटाट्याच्या भाजीची वाफ सगळ्यांच्या तोंडावर गेली.

झाकणावर लिहिलं होतं साडेबारा. मामांनी घड्याळ बघितलं. अडीच वाजून दोन मिनिटं. सवयीने तोंडातून निघून गेलं, "वेळ उलटली."

मोठ्या आईने आपलं ताट मांडीवर पालथं घातलं. शेजारच्याने घातलं, मग त्याच्या शेजारच्याने. ताटं पालथी पडत गेल्याचा आवाज ओळीच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. हातगाडीवरचा म्हातारा तेवढा म्हणाला, "चला, फिरणं तरी झालं."

मामा बघतच राहिले. खड्ड्यात ओततानाची पातेली त्यांनी पाहिली होती, त्या वेळची ही माणसं कधी पाहिली नव्हती. हातभर अंतरावर जेवण आहे, पोटात सकाळपासून काही नाही, आणि एका खडूच्या अक्षरापुढे त्रेपन्न ताटं पालथी. चारशे माणसं भोंग्याला भिऊन धावायची, पण असा विश्वास त्यांच्यावर जन्मात कुणी ठेवला नव्हता. खरं सांगावं, तर उद्यापासून या खडूवर कोण विसंबेल? न सांगावं, तर?

"थांबा," मामा म्हणाले. "माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. पहिल्यापासून. अजून वेळ आहे."

मोठ्या आईने मान वर केली. "हे खरं, की आमची तोंडं बघून बोलताय?"

ताईने पँटला हात पुसून फोन काढला आणि मोठ्या आईच्या डोळ्यांपुढे धरला. दोन चोवीस.

मामांनी पहिला घास घेतला. तो गिळेपर्यंत ओळीभर ताटं सुलटी झाली होती. मग ताई, मामा आणि मोठी आई अशा तिघांनी जसं वाढप केलं, तसं कुठल्या लग्नात झालं नसेल. शेवटचं ताट हातगाडीवरच्या म्हाताऱ्याचं. फोनमध्ये दोन एकोणतीस.

सगळे जेवत असताना मामा मोठ्या आईजवळ उकिडवे बसले. "आधी तीनदा फेकलं ना, त्यात एकदा पाचच मिनिटं उलटली होती. माझ्या घड्याळात," ते म्हणाले.

"म्हणजे ते जेवण चांगलं होतं."

"हो."

ती भात कालवत राहिली. "त्या दिवशी आम्ही पाणी पिऊन झोपलो," ती म्हणाली. मामांनी मान खाली घातली आणि घड्याळाची चावी बाहेर ओढली.

"पुढे कुणी केलं होतं ते?"

"बायकोने. आता नाही ती."

मोठ्या आईने खरकटा हात बाजूला धरून डाव्या हाताने त्यांचं मनगट दाबलं आणि चावी परत आत ढकलली. "मग राहू द्या तसंच," ती म्हणाली. "आता आम्हाला माहीत झालंय. आम्ही दहा वजा करू."