पाच चुकांची परीक्षा

माझ्या थोरल्या भावाने पस्तीस वर्षं लोकांच्या घरी गॅसच्या नळ्या जोडल्या आणि उरलेला वेळ मला अक्कल शिकवण्यात घालवला. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

बासष्टाव्या वर्षी मी शिवणाचे क्लास बंद केले आणि एक घरगाडी घेतली. आत पलंग, फ्रिज, दोन बर्नरची शेगडी, आणि मागच्या बाजूला बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात प्रोपेनचा सिलिंडर. माझी लेक मला एका शब्दाने बोलली नाही. तिने गुपचूप गाडीची चावी नेऊन मामाच्या हातात ठेवली आणि मग मला फोन केला, "मामाने पास केलं तरच जायचं हं, आई."

नवरा गेल्यापासून तीन महिने एकटीने भटकायचं मी मनात धरून बसले होते. ते आता एका हट्टी म्हाताऱ्याच्या मुठीत होतं. मला असा राग आला की विचारू नका.

दादा सडाफटिंग माणूस. त्याच्या घरासमोर मोकळी जागा होती, तिथेच गाडी उभी केली होती. सकाळी मी पोचले तर तो हातावर हात चोळत उभा.

"चिमणे, आत मी पाच चुका करून ठेवल्यात. पाचही सापडल्या तर चावी तुझी. चार सापडल्या तर घरी जाऊन पुन्हा फ्रॉक शिवायचे."

"आणि सिलिंडर?"

"बंद आहे. मी काय वेडा आहे?"

"त्यावर मी नंतर बोलेन," म्हटलं आणि कामाला लागले.

शेगडीवरचा हवेचा झरोका चिंध्या कोंबून बुजवला होता. ही पहिली. सिलिंडरचा पट्टा सैल होता, वळणावर तो खुशाल लवंडला असता. ही दुसरी. फ्रिज गॅसवरही चालतो आणि बॅटरीवरही; त्याचं बटण गॅसवर होतं, ही तिसरी. "गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर नाही, बॅटरीवर," मी म्हटलं. दादाने नुसतं 'हं' केलं. त्याचं 'हं' म्हणजे दुसऱ्याच्या टाळ्या.

मग मी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघितलं. गॅसचा अलार्म तिथे जमिनीलगत होता, पण आत सेल नव्हता.

"इतका खाली कशाला लावतात?" दादाने मास्तरासारखं विचारलं.

"प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला की जमिनीवर साचतो. छताला अलार्म लावला तर तो वाजेपर्यंत आपण वर पोचलेलो असू."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाचवीने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. शेवटी शेगडीमागे हात घातला आणि नळीवरच्या चिरा बोटांना लागल्या. बत्तीस वर्षं कापड चाचपलंय. या बोटांना फसवणं सोपं नाही.

"पास!" दादा ओरडला. त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे मला कबूल करायला हवं. तिथल्या तिथे त्याने जुनी नळी काढून नवी बसवली आणि हात चालवता चालवता तोंडाचा पट्टाही चालू ठेवला. "भांड्यावर झाकण ठेव. एकटीच्या चहाला एकच कप पाणी. गाडी सपाट जागी आणि सावलीत लाव, फ्रिज निम्मा गॅस खाईल." मग मागे जाऊन सिलिंडर उघडला, आत आला, शेगडीवर पातेलं ठेवलं आणि काड्यापेटी उचलली.

तेवढ्यात मला वास आला. सडक्या अंड्यासारखा, चांगला भपकारा.

"दादा, थांब!" मी त्याच्या हातातून काड्यापेटी हिसकावली आणि दंडाला धरून त्याला दाराबाहेर ओढलं. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. आधी सिलिंडर बंद केला. दारं उघडी टाकून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो.

"काय झालं? मी पाचच केल्या होत्या," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने, आत वारा चांगला खेळल्यावर, मी सिलिंडर क्षणभर उघडून त्या नव्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं. भराभर बुडबुडे आले. बोलण्याच्या नादात दादाने नट हातानेच फिरवला होता, पाना लावलाच नव्हता. अलार्मचा सेल अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. आणि वास तर बाहेरच्या माणसालाही आला असता.

"दादा, तुला वास आला नाही?"

तो गाडीच्या पायरीवर बसला. "दोन वर्षं झाली. त्या मोठ्या तापानंतर गेला तो परत आलाच नाही. गॅसवाल्याला वास येत नाही, हे कुणाला सांगू?"

मला रडू आलं आणि संतापही आला. दोन वर्षं हा माणूस एकटा, रोज सकाळी स्वतःची शेगडी पेटवत होता. मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं, जन्मात पहिल्यांदा.

मग त्याने चावी पुढे केली. "तू पास आहेस, चिमणे. जा तू."

"आणि तू नापास," मी म्हटलं. "बॅग भर."

"मी? झोपणार कुठे?"

"समोरचा बाक उघडला की पलंग होतो. घोरलास तर बाहेर."

त्याच्या स्वयंपाकघरात जमिनीलगत एक अलार्म बसवला, तो वाजतो का ते दोनदा बघितलं, आणि सोमवारी निघालो. आता रोज सकाळी तो पान्याने नट तपासतो, साबणाचं पाणी लावतो, सिलिंडर उघडतो. आणि काड्यापेटी हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहतो.

"चिमणे, येतोय का काही?"

मी खाली वाकून चांगला लांब श्वास घेते.

"नाही रे दादा. पेटव."