तारा काढण्याआधीचा मंगळवार

डाव्या पायाची सपात — तपकिरी, लोकरीची, उजवीच्या जोडीनेच विकत घेतलेली, पण उजवीचा तळ झिजून कागद झालेला आणि हिचा अजून जाड. डावा पाय मांडीपासून गेला त्या अपघातानंतर चार वर्षं ती कपाटात होती. तीन महिन्यांपूर्वी रादोयेच्या मांडीतल्या मज्जातंतूंत केसासारख्या तारा बसवल्या, कृत्रिम पायाचा तळ त्याला कळू लागला, आणि बायकोने, देसान्काने, ती दाराशी आणून ठेवली.

"अनवाणी फिरू नकोस. फरशी गार आहे."

"प्लास्टिकला सर्दी होत नाही, बाई."

"हो का? मग काल पायरीवर खडा टोचला म्हणून कोण बोंबललं? शेजारपाजार गोळा झाला!"

तो हसला, त्याने सपात चढवली... गुरुवारी तारा निघणार होत्या. प्रयोगाची मुदत तेवढीच, सही त्याचीच. खडा टोचायचा थांबेल, हे त्याने मनाशी केव्हाच मान्य केलं होतं. पण तारा येण्याआधीचा तो दुसरा पाय — नसलेला, तरी बोटं आत मुडपून रात्रंदिवस पिळवटत राहणारा — तीन महिने गप्प होता, आणि गुरुवारनंतर तो गप्प राहील का, हे प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टर तियानालाही सांगता येत नव्हतं.

प्रयोगशाळेत नेहमीची खुर्ची. तियाना पडद्यामागे कळ दाबायची, मांडीतून निघालेल्या वायरीतून प्रवाह जायचा, आणि त्याने जागा सांगायची.

"आता?"

"अंगठा."

"आता?"

"करंगळीच्या खाली. मुंगी चालल्यासारखं."

"मुंग्या फार झाल्या तुमच्या. आता?"

मधूनच ती प्रवाह न सोडताच विचारी, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. अशा वेळी तो 'काही नाही' म्हणे, आणि एकदाही चुकला नव्हता, त्याचा त्याला अभिमानही होता. अठ्ठावीस वर्षं बस चालवलेला माणूस — क्लच नेमका कुठे धरतो, हे डाव्या तळव्याने सांगायचं, डोक्याला विचारायची गरज नसे...

"टाच," तो म्हणाला. "भक्कम. जमिनीवर टेकल्यासारखी."

मग त्याची नजर खाली गेली. वायर सुटलेली होती. तिचं टोक खुर्चीच्या हातावर, मोकळं.

पडद्यामागे पेन चाललं. तीन महिन्यांतलं पहिलं चुकीचं उत्तर... म्हणजे मुंग्या, अंगठा, कालचा खडा, यातलं तारांचं किती आणि माझं किती? आणि तारांआधीचं ते दुखणं — तेही कुणी पाठवत नव्हतंच की. तेही माझंच होतं. मग ही टाच त्याच घरातून आली असेल, तर... त्याला घाबरायला हवं होतं. घाबरण्याची वाट पाहत तो बसून राहिला.

"डॉक्टर, मागचं उत्तर—"

"मागचं राहू द्या. आता?"

वायर तशीच पडलेली. टाच अजून टेकलेली होती, थोडी उबदार, आणि तिच्या पुढे, सावकाश, एकेक बोट मोकळं होत होतं — की आत वळत होतं? नीट कळेना. त्याने डोळे मिटले.

"रादोये? आता?"

"थांबा," तो म्हणाला. "जरा थांबा."