पाच वाजताचा राउंड

बाबा सगळं विसरले होते, पण पाच वाजता उठायचं विसरले नव्हते.

पस्तीस वर्षं ते एका कापडाच्या कारखान्यात वायरमन होते. दिवसपाळी पाचला सुटायची. भोंगा झाला की बाबा टेस्टर खिशाला लावून निघायचे आणि रात्रपाळी नसलेल्या एकेका खात्यातला एकेक स्विच आपल्या हातानं बंद करत गेटपर्यंत यायचे. याला राउंड म्हणत. आपल्या राउंडनंतर कारखान्यात एक दिवाही कधी चुकून चालू राहिला नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आता निवृत्तीला पंचवीस वर्षं उलटली होती. आपण जेवलो की नाही हे ज्यांना सांगता येत नव्हतं, ते बाबा पाचच्या ठोक्याला खुर्चीतून उठायचे आणि तीन खोल्यांच्या घराचा राउंड करायचे. दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर. एकदा फ्रिजसुद्धा. तेव्हा दोन लिटर दूध नासलं.

घरात त्यांच्यासोबत त्यांची मुलगी होती. तिला सगळे धाकटी म्हणत. सत्तेचाळीस वर्षांची धाकटी! आणि ‘सगळे’ म्हणजे तरी कोण, बाबा आणि दुसऱ्या शहरात राहणारा दादा, एवढेच उरले होते. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, आणि आता तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. आई गेली तेव्हा ती ढसाढसा रडली होती. बाबा पहिल्यांदा घराचा रस्ता चुकले तेव्हा थोडी रडली. मग कधीतरी ते सगळं आटलं आणि आटल्याचंही तिला कळलं नाही. बाबांची अंघोळ, नाश्ता, गोळ्या, दाढी, सगळं ती चोख करायची. कुणी ‘कशी आहेस’ विचारलं तर ‘मजेत’ म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची.

दादाला बाबांना एका संस्थेत ठेवायचं होतं. तिथं नर्स होत्या, डॉक्टर होते, बाग होती. “तू मरशील गं अशानं,” तो म्हणायचा. त्यानं फॉर्मही मागवून ठेवला होता. सहा महिने तो तिच्या मागे हात धुवून लागला होता, आणि शेवटी एक दिवस धाकटी त्याला म्हणाली, “दादा, पाच वाजता ते अजून उठतात. तेवढा वेळ ते आपले बाबा असतात. राउंड थांबला ना, की त्या दिवशी मी स्वतः सांगेन, घेऊन जा म्हणून.” दादानं मान्य केलं. तेव्हापासून रोज साडेपाचला त्याचा फोन यायचा.

“राउंड झाला?”

“झाला.”

“बरं.” आणि फोन बंद. इतकंच.

आता मुश्कील अशी होती, की ज्या राउंडवर बाबांचं घरात राहणं अवलंबून होतं, तोच राउंड धाकटीच्या पोटावर पाय देत होता. ती भरतकामाचे तक्ते करून विकायची. फुलीच्या टाक्याचे, बारीक चौकटींचे. कुठल्या चौकटीत कुठल्या रंगाचा दोरा घालायचा ते त्यावर रंगात छापलेलं असायचं. बाहेरच्या खोलीत टेबलावर तिचा प्रिंटर होता. साधा घरगुती, शाईचा. आणि बाबा रोज पाचला त्याचा भिंतीवरचा स्विच खाडकन बंद करायचे. सकाळी ती चालू करी, तेव्हा प्रिंटर पाच मिनिटं घरघर करायचा, कण्हायचा, आणि शाई पंधरा दिवसांत संपायची. नवीन डबी आणली की पुन्हा तेच. वर मधूनच एखादा रंगच गायब. एका गिऱ्हाईक बाईंनी दीड महिना खपून भरलेल्या मांजराचा फोटो पाठवला. मांजराची जीभ पिवळीधमक होती. ‘तक्त्यात अशीच होती हो, पण मांजराला कावीळ झाल्यासारखी वाटते,’ असं त्यांनी खाली लिहिलं होतं. धाकटीनं पैसे परत केले आणि प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.

तो आला, झाकण उघडलं, आणि आत बघून त्यानं च्‌-च्‌ केलं. “ताई, भिंतीवरून बंद करता का याला?”

“मी नाही करत. होतो.”

“नका होऊ देऊ. बंद करायचाच तर त्याच्या अंगावरच्या बटणानं करा, म्हणजे तो शाईच्या तोंडावर नीट झाकण लावून निजतो. भिंतीवरून वीज तोडलीत की त्याला वेळच कळेनासा होतो. एक रात्र झोपलो का एक महिना, हेच ठाऊक नाही त्याला. मग उठल्या उठल्या सगळा घसा खाकरून साफ करतो, आणि त्यात तुमची निम्मी शाई आतल्या स्पंजमध्ये जाते. त्यापेक्षा चालूच राहू दे. वीज नगण्य खातो. आठवड्यातून एकदा चारी रंगांची एक पट्टी छापा, बस. म्हातारा होईपर्यंत चालेल.”

चालू ठेवा, हे सांगायला सोपं होतं. धाकटीनं स्विचवर चिकटपट्टी लावली. बाबांनी ती नखानं सोलून काढली आणि तिला बोल लावले, “स्विचवर पट्टी लावतात का कुणी? आग लागली तर?” तिनं प्रिंटर आतल्या खोलीत नेला, बाबांनी आतल्या खोलीत बंद केला. तिनं कपाटामागून वायर फिरवली, तर बाबा गुडघ्यांवर बसून, धापा टाकत कपाटामागे शिरले आणि वायर शोधून काढली. पंचाऐंशीव्या वर्षी! आपल्याच मुलीला ते ओरडले, “हे असलं जोडकाम कुणी केलंय? त्याला माझ्याकडे पाठवा!”

मग तिला तांबडी पाटी आठवली. लहानपणी बाबा सांगायचे. कुणी लाइनवर चढलं, मशीन उघडून बसलं, की आधी त्या स्विचवर तांबडी पाटी लावायची: काम चालू, हात लावू नये, खाली नाव. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. साहेब असो नाहीतर मालक, दुसऱ्यानं त्या स्विचला बोटही लावायचं नाही. एकदा एका मॅनेजरनं घाई करून दुसऱ्याची पाटी काढली, तेव्हा बाबांनी त्याला भर खात्यात असा झाडला होता, की तो पुढे आठवडाभर त्यांना चुकवून जात असे.

धाकटीनं दोऱ्याच्या खोक्याचा तांबडा पुठ्ठा कापला, त्यावर लिहिलं आणि खाली ‘धाकटी’ अशी सही केली. प्रिंटर परत बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि पाटी दोऱ्यानं स्विचवर टांगली.

पाच वाजता बाबा आले. हात पुढे गेला आणि जागच्या जागी थांबला. त्यांनी पाटी वाचली.

“पाटी कुणाची?”

“माझी, बाबा.”

“काम संपलं नाही अजून?”

“नाही.”

“संपलं की सांग. मी थांबतो.” आणि खरंच थांबले, पाऊण तास, भिंतीला टेकून. शेवटी तिनं सांगितलं, “बाबा, हे काम रात्रपाळीकडे द्यायचंय. तुम्ही जा.” तेव्हा कुठे ते समाधानानं मान हलवून गेले.

मग ते रोजचंच झालं. पाटी कुणाची, माझी, संपलं का, नाही, रात्रपाळीकडे द्यायचंय. शाईची डबी आता दोन महिने पुरायला लागली. मांजरांच्या जिभा गुलाबी यायला लागल्या. दर सोमवारी धाकटी चार रंगांची पट्टी छापायची आणि एकही रेघ तुटलेली नसायची. या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही, पण एक कटकट मिटली.

पुढे तिला चाळीस तक्त्यांची मोठी मागणी आली. एका शाळेत भरतकामाचा वर्ग सुरू होणार होता. ती कानात गाणी घालून दिवसभर पडद्यासमोर बसायची. पाच वाजले की मान वर न करताच म्हणायची, “हो बाबा, माझी. रात्रपाळीकडे द्यायचंय.” साडेपाचला दादा विचारायचा, “झाला?” ती म्हणायची, “झाला.” तोंडाला सवय झाली होती. त्यासाठी डोकं लागत नव्हतं.

शुक्रवारी सव्वापाचला ती पाणी प्यायला उठली. स्वयंपाकघरात दिवा चालू होता. आतल्या खोलीत रिकाम्या पलंगावर पंखा फिरत होता. टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी हवामान सांगत होतं. बाबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून.

तिथंच उभ्या उभ्या तिला आठवायला लागलं. काल निजताना हा पंखा तिनंच बंद केला होता. परवा स्वयंपाकघरातला दिवा. मंगळवारी दोन्ही. हातानं आपलं काम केलं होतं आणि डोक्याला कळवलं नव्हतं. चार दिवस. चार दिवस ती पाचला हवेशी बोलत होती.

ती बाहेरच्या खोलीत गेली. स्विचवरची पाटी काढली, हातात धरली आणि हाक मारली, “बाबा! काम संपलं बघा. मी पाटी काढली.”

बाबा आले. बोलावलं की येत ते, अगदी शहाण्या मुलासारखे. त्यांनी स्विचकडे बघितलं, तिच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“बंद करा ना,” ती म्हणाली. “पाच वाजून गेले.”

ते कसनुसं हसले. परक्या घरी काही मागितलं तर माणूस हसतो तसं.

“तुमच्याकडे वायरमन नाही का?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग त्यालाच सांगा, बाई. विजेच्या कामात आपण हात घालू नये.” आणि ते सावकाश परत जाऊन खुर्चीत बसले.

आता काहीतरी होईल म्हणून ती थांबली. डोळे भरतील. काही झालं नाही. तिला फक्त एवढं जाणवलं, की त्यांनी तिला तुम्ही म्हटलं, बाई म्हटलं. आता धाकटी म्हणणारा एकटा दादा राहिला.

साडेपाचला फोन वाजला.

“राउंड झाला?”

एक शब्द म्हणायचा होता. तो रोज आपोआप येत होता. तो म्हटला असता तर आजचा दिवस निघाला असता, उद्याचाही.

“नाही झाला,” धाकटी म्हणाली.

“असं कसं? अगं, एखाद दिवस चुकतो माणसाचा.”

“चार दिवस झाला नाहीये.”

“तू तर रोज सांगत होतीस—”

“मी बघितलंच नव्हतं, दादा. आता बोलावून स्विच दाखवला. मला म्हणाले, तुमच्याकडे वायरमन नाही का.”

सहा महिने फॉर्म-फॉर्म करून जीव खाणारा दादा एकदम घाईघाईनं बोलायला लागला. “हे बघ, मी उद्या येतो. मी सांगून बघतो त्यांना. माझं ऐकतात ते. भोंगा वाजवू आपण, फोनवर वाजवता येतो भोंगा. एवढी काय घाई आहे, धाकटे? आठवडाभर बघू ना. तू लगेच काही…” पन्नाशी ओलांडलेला माणूस फोनवर हुंदके देत होता, आणि ती ऐकत होती. त्याच्यासोबत आपणही रडावं असं तिला फार वाटलं. निदान ‘चार दिवस काय करत होतीस’ म्हणून त्यानं शिव्या तरी द्यायला हव्या होत्या. तेही तो करत नव्हता.

त्याचं रडणं ओसरेपर्यंत ती थांबली. आत टीव्ही अजून बोलत होता.

“फॉर्म पाठव, दादा,” ती म्हणाली. “प्रिंटर चालू आहे.”