गोटीराम पैलवान उभा राहतो

पंचवटीतल्या भाजीबाजारात गोटीराम पैलवान शिरला, की हातगाडीवाले आपण होऊन गाडी बाजूला घेत. दरारा वगैरे काही नव्हता. माणूसच एवढा रुंद होता, की वाट द्यावी लागे. ओझर, चांदवड, दिंडोरी, जिथे म्हणून जत्रेत कुस्त्यांचा फड लागे, तिथे त्याचं नाव पुकारलं जाई आणि तो फेटा बांधूनच घरी परते. मग ब्याण्णव सालच्या चैत्रात, पिंपळगावकडच्या एका जत्रेत, सहादूने ढाक नावाच्या डावात त्याला कमरेवर उचलून आपटलं. तो पडला तो नीट उठलाच नाही.

सहादू नदीपलीकडच्या, जुन्या नाशकातल्या तालमीचा. पंचांनी ‘सोडा’ म्हटल्यावर त्याने फेकलं, असं गोटीराम सांगे. सहादूची माणसं म्हणत, हलगीच्या आवाजात कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. खरं काय ते कुणास ठाऊक. गोटीरामच्या कमरेतल्या दोन चकत्या सरकल्या एवढं खरं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तरी खात्री नाही. आता वाकायचं नाही, जड उचलायचं नाही.

त्याची बायको मीना मिरची कांडपाच्या गिरणीत कामाला जाऊ लागली. गोटीराम घरात पडून राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसे. अशी दोन-तीन वर्षं गेल्यावर कुणाच्या तरी ओळखीने त्याला देवळाली कॅम्पात एका पारशी बाईंच्या बंगल्यावर रखवालदाराचं काम मिळालं. पैलवानाने फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं! पहिल्या दिवशी तो अंगावरचा खाकी शर्ट लपवायला वरून शाल घेऊन बसमध्ये चढला होता.

बंगल्याच्या मालकीण खोर्शेदबाई सत्तरी उलटलेल्या, काटकुळ्या, अंगाने चिमणीएवढ्या. नवऱ्याच्या व्यापारापायी त्यांची तीस वर्षं हाँगकाँगला गेली होती. नवरा वारल्यावर त्या माहेरच्या या बंगल्यात येऊन राहिल्या. रोज पहाटे त्या चिकूच्या झाडाखाली गाऊनवर स्वेटर घालून उभ्या राहत. गुडघे जरासे वाकवलेले, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात छातीसमोर गोल, जसा काही मोठा हंडा कवेत धरलाय. आणि तशाच राहत, हलत नसत.

गोटीराम पहिल्यांदा घाबरला. म्हातारीला झटका-बिटका आला असेल म्हणून काठी टाकून गेला.

“बाई, बरं वाटत नाय का?”

“बरं वाटते म्हणून तर उभी आहे,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “तू खुर्चीवरून उठताना कण्हतो का? मी रोज ऐकते.”

गोटीराम काठी उचलून फाटकाशी परतला. पण त्याचं लक्ष रोज तिकडे जाऊ लागलं. एकदा न राहवून त्याने विचारलं, हे काय आहे म्हणून.

“ची कुंग.”

“म्हंजे चायनीजच्या गाडीवर कढईत परततात, तसलं काही?”

बाई एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. मग म्हणाल्या, “हाँगकाँगला शेजारच्या एका चिनी म्हातारीने बागेत शिकवला मला. ची म्हणजे श्वास म्हण, आतला जीव म्हण. आणि कुंग म्हणजे... काय म्हणतात तुम्ही? रोज करतात ते. मेहनत.”

तो शब्द गोटीरामला लागला. तालमीत जोर-बैठकांना मेहनतच म्हणतात. घामाने माती भिजेपर्यंत बैठका मारलेला माणूस तो. नुसतं उभं राहणं त्यात काय? त्याने काठी फाटकाला टेकवली आणि बाईंसारखे हात धरले. बाई आत गेल्या, चहा पिऊन परत आल्या, तोवर त्याच्या मांड्या वासरासारख्या थरथरत होत्या आणि तो खुर्ची शोधत होता.

“दगड होऊन काय उभा राहतो?” बाई म्हणाल्या. “खांदा बघ तुझा, कानाला मिळाला. दात पण दाबून धरलेत. कोणाशी भांडतोय?”

त्याने चाचपून पाहिलं. खरंच, जबडा आवळलेला होता. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं.

व्हिडिओवर त्याने चिनी गुरूंचे सिनेमे पाहिले होते, बोटाने दहा माणसं उडवणारे. एक दिवस भीत भीत म्हणाला, “बाई, तुमच्यात पण तशी शक्ती हाय का?”

“ढकल मला, बघ.”

त्याने दोन बोटांनी जेमतेम ढकललं. बाई मागे कोलमडल्या आणि चिकूच्या बुंध्यावर जाऊन आदळल्या. गोटीराम धरायला धावला, पण बाई स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत हसत होत्या. “शक्ती-बिक्ती काही नाही रे. मी म्हातारी आहे, पडणारच! पण माझे गुडघे दुखत नाहीत आणि रात्री मला झोप लागते. पाहिजे तर शिक.”

गोटीराम शिकला. सुरुवातीचे महिने नुसते अंग ढिलं सोडण्यात गेले. खांदा सोडला की पोट आवळे, पोट सोडलं की मूठ. मग थंडीत एका सकाळी त्याच्या तळहातांना मुंग्या आल्या आणि पाठोपाठ ऊब. दोन हातांच्या मधे पिंजलेला कापूस धरलाय असं वाटलं. जवळ आणावे तर तो दबे, लांब न्यावे तर फुगे. ड्युटी संपल्यावर तो जवळजवळ धावत बस गाठून घरी आला आणि मीनाच्या कपाळावर हात ठेवला.

“काय जाणवतं?”

“गरम आहेत खरे,” मीना म्हणाली. “अहो, ताप आलाय का तुम्हाला?”

दुसऱ्या दिवसापासून तो त्या उबेची वाट पाहू लागला. ती काही येईना. आठवडाभर वाट पाहून तो बाईंकडे कुरकुरला.

“पाहुण्यासाठी दारात उभा राहिलास तर घरातली कामं कोण करणार?” बाई म्हणाल्या. “आला तर ये म्हण. गेला तर जा म्हण. तू तुझा उभा राहा.”

त्या पावसाळ्यात ते दोघे पोर्चमध्ये उभे राहत. एकदा गोटीरामचं अंग आपोआप डोलू लागलं, मग हात कापू लागले, मग छातीतून काहीतरी वर आलं आणि तो हमसून रडायला लागला. जत्रेतली ती संध्याकाळ, आपल्याला घोंगडीत घालून नेणारी माणसं, गिरणीतून मिरचीने लाल झालेले डोळे घेऊन येणारी मीना, सगळं एकदम आठवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन बाईंनी पुदिन्याचा चहा केला आणि कप कठड्यावर ठेवून दिला.

हळूहळू कंबर सुधारली. तो बुटांची नाडी स्वतः बांधू लागला, पाण्याची बादली उचलू लागला. वाळूत रुतलेली बैलगाडी मोकळी व्हावी तसं अंग मोकळं झालं. आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आपल्यात काहीतरी आलंय, असं त्याला वाटायला लागलं. गल्लीतल्या कुणाचं डोकं दुखलं की हा हात पुढे करी. मनातून मात्र त्याला एकच गोष्ट करायची होती.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. बाईंना न सांगता, मीनाला न सांगता, तो नदी ओलांडून सहादूच्या तालमीत गेला. सहादू आता तिथला वस्ताद झाला होता. मातीच्या हौद्यात पोरं जोर मारत होती.

“उतर हौद्यात,” गोटीराम म्हणाला.

“गोट्या, पाठ कशी आहे तुझी?”

“पाठीचं तू विचारू नको. उतर.”

सहादूची इच्छा नव्हती. पण पोरं थांबून बघायला लागली तेव्हा त्याचाही नाइलाज झाला. दोघांनी माती अंगाला लावली, हाताला हात भिडून खडाखडी झाली, आणि थोड्याच वेळात गोटीरामने सहादूला कमरेवर घेऊन असं आपटलं की हौद्यातली माती बाहेर उडाली. चितपट. पोरांनी आरोळी ठोकली. गोटीरामने हात वर केला, आणि तो वर केलेला हात खाली येण्याआधीच त्याच्या कमरेत कुणीतरी सळई खुपसल्यासारखं झालं. तो गुडघ्यांवर बसला, मग चारी हातापायांवर.

सहादूनेच त्याला रिक्षात घालून घरी आणलं. काखेत हात घालून, सावकाश. सबंध वाटेत गोटीरामने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो पुन्हा पलंगाला खिळला. बाईंना निरोपसुद्धा धाडला नाही. कुठल्या तोंडाने धाडणार? शेवटी एका दुपारी पंचवटीच्या बोळात रिक्षा थांबली आणि खोर्शेदबाई चिकूची करंडी घेऊन उतरल्या. मीनाने घाईघाईने खुर्ची पुसून दिली.

“कुस्ती जिंकला म्हणे?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मग?”

गोटीरामने बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. पण त्याने करंडीतला एक चिकू घेतला आणि तो हातात फिरवत राहिला. सहा वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळाल्याने आत काहीसुद्धा हललं नव्हतं.

“उभा राहता येत नाही तर पडल्या पडल्या कर,” बाई उठता उठता म्हणाल्या. “श्वास बेंबीच्या खाली जाऊ दे. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नको. आणि चिकू उद्यापर्यंत संपव, पिकलेत.”

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ना ऊब आली, ना मुंग्या, ना अंग डोललं. नुसता श्वास आत जायचा आणि बाहेर यायचा. पुढे उभं राहता आल्यावरही तसंच. पूर्वी असं झालं असतं तर तो वैतागला असता. आता तो उठे, उभा राहे, आणि मग कामावर जाई. जेवणाला चव येऊ लागली. मीनावर खेकसणं कधी थांबलं ते त्याला कळलं नाही. मीनाला कळलं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून ती बोलली नाही.

अशीच काही वर्षं गेली. एकदा बाजारात वांगी घेताना भाजीवाल्याने सांगितलं, सहादू वस्तादाला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. गोटीराम पिशवी धरून तसाच उभा राहिला. इतकी वर्षं ते नाव ऐकलं की छातीत निखारा पेटे. आज त्याने वाट पाहिली. काही पेटलं नाही. नुसतं वाईट वाटलं, एखाद्या कुठल्याही माणसाबद्दल वाटावं तसं.

काही दिवसांनी सहादूची बायको चिमणाबाई दारात आली.

“भाऊजी, ते कुणाला जवळ येऊ देत नाहीत,” ती म्हणाली. “दवाखान्यातून व्यायाम शिकवायला येतात त्यांना शिव्या देतात. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. तुम्ही पडून उठलेले आहात. एकदा येऊन बोलाल का?”

ती गेल्यावर मीनाने विचारलं, “जाणार?”

“जाऊन बघतो.”

सहादू खाटेवर पडला होता. तो डोंगर आता पांघरुणाखाली कळतही नव्हता. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द तुटक.

“बघा... यला आला?”

“उभा करायला आलो.”

सहादूने डावा हात झटकला. गोटीरामने तो हात बाजूला सारला, त्याला बसतं केलं, त्याच्या पायात पाय रोवले, आणि दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घालून छातीला छाती लावली. चिमणाबाई दाराशी पदर तोंडात धरून उभी राहिली. ती पकड कुस्तीतली होती. दोघांच्याही अंगांनी ती ओळखली. सहादूचं अंग ताठलं.

“पाड... शील.”

“पाडून बघितलं की मागं. काय झालं त्यानं?” गोटीराम त्याच्या कानाशी म्हणाला. “जबडा सोड. खांदा सोड. मी धरलाय तुला. श्वास खाली जाऊ दे.”

सहादू उभा राहिला. चार श्वास असेल, पाच असेल. मग त्याचे गुडघे गेले आणि गोटीरामने त्याला हलकेच खाटेवर उतरवलं. त्या वेळी त्याचा स्वतःचा श्वास बेंबीखाली होता, पाय जमिनीत होते, आणि कमरेने एक हूं म्हटलं नाही. सहादू रडत होता. गोटीरामने दाराकडे पाहून सांगितलं, “वहिनी, चहा टाका.”

त्यानंतर तो रोज जाई. व्यायाम शिकवणाऱ्यांनाही सहादू येऊ देऊ लागला. ते हातपाय हलवून घेत, गोटीराम नुसतं उभं करी. दिवाळीपर्यंत सहादू भिंतीला टेकून आपला आपण उभा राहायला लागला. उन्हाळ्यात उजव्या हाताची दोन बोटं हलली. पुढच्या वर्षी तो काठी टेकत तालमीत गेला आणि हौद्याच्या कडेला बसून पोरांना पूर्वीसारखा ओरडला. शब्द तेवढे स्पष्ट नव्हते, पण पोरं घाबरली.

देवळालीला कामावर गेला तेव्हा गोटीरामने हे सगळं बाईंना सांगितलं. खोर्शेदबाई आता खुर्चीवर बसूनच हात गोल धरत.

“बाई, ची कुंगची ही कितवी पायरी म्हणायची?”

“मी कधी मोजल्या नाहीत,” बाई म्हणाल्या. “त्या चिनी म्हातारीला विचारलं तर ती मला झाडू द्यायची, अंगण झाडायला.”

सहादूच्या तालमीच्या अंगणात सकाळी थकलेले पैलवान जमू लागले. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा खांदा. गोटीराम त्यांच्यात उभा राहतो, फारसं बोलत नाही. बायकांना तालमीत यायची पद्धत नव्हती, पण अंगण काही हौदा नव्हे, असं सहादूने एक दिवस जाहीर केलं. चिमणाबाईने त्याला तसं म्हणायला लावलं होतं.

दुसऱ्या सकाळी मीना आली. गिरणीच्या कामाने तिच्या पाठीचं धनुष्य झालं होतं. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि सगळ्यांसारखे हात धरले. थोड्या वेळाने एक डोळा उघडून ती म्हणाली, “अहो, मला काहीच होत नाहीये.”

“छान,” गोटीराम म्हणाला. “राहा तशीच.”

तिने डोळा मिटला. तिचे खांदे जरासे खाली आले.