ग्लासातलं लाल पाणी

व्यसन उतरवणाऱ्या एका बाबांचा कार्यक्रम होता; सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर नितळ पाण्याचे ग्लास मांडलेले. शिष्य आधी व्यसनी माणसाचे हात ओल्या फडक्याने ‘शुद्ध’ करी. मग त्या माणसाने ग्लासात बोटं बुडवली की पाणी लालभडक होई. “उतरलं! रक्तातलं व्यसन उतरलं!” बाबा गरजत आणि टाळ्यांचा कडकडाट होई.

माझा दादा लेथवर काम करतो. वीस वर्षं दारू, तंबाखू त्याहून जुनी. डॉक्टरांचे उपचार चालू होते आणि गेले सत्तर दिवस त्याने दोन्हींना हात लावला नव्हता. तरी आईने त्याला ओढत इथे आणलं.

“व्यसन सोडायला काय करतोस?” बाबांनी विचारलं.

“डॉक्टरांच्या गोळ्या घेतो. रोज चालतो, पळतो, जोर काढतो.”

“पळतो?” बाबा पोट धरून हसले. “व्यसन काय कुत्रं आहे, मागे राहायला? बंद कर ही थेरं! गोळ्या टाक या कचऱ्याच्या बादलीत.”

सभागृह हसलं. दादाने मान खाली घातली. आईने त्याच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून बादलीत टाकलं, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. शेजारणीकडून या चमत्काराचं वर्णन ऐकल्यापासून मला संशय होताच, म्हणून तयारीने आले होते. सरळ टेबलाशी जाऊन हात पुढे केले. शिष्याने सवयीने पुसले. मी बोटं बुडवली. पाणी लाल!

“बाबा, मी दारू-तंबाखूला कधी शिवले नाही. माझं काय उतरलं?”

“मागच्या जन्मीचं!”

“मग हे परत कुठे चाललं?” मी पर्समधलं लिंबू ग्लासात पिळलं. रंग गायब.

“फडक्याला धुण्याचा सोडा, पाण्यात प्रयोगशाळेतलं एक रसायन,” मी लोकांना सांगितलं. “सोडा लागला की लाल, आंबट पडलं की नितळ. दहावीची मुलंही करून दाखवतील.”

दादाने बादलीतून पाकीट उचललं. आता त्याची मान ताठ होती.

“तलफ आली की मी वीस मिनिटं झपझप चालतो,” तो म्हणाला. “तेवढ्यात तिचा जोर ओसरतो. दर वेळी नाही. सुरुवातीला एकदा घसरलोही होतो, तेव्हा डॉक्टरांकडेच गेलो. चालणं औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. पण हे पाय माझे आहेत, बाबा. यांना फडकं लागत नाही!”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा मागच्या दाराने सटकले.

मंडळी, व्यसन हा आजार आहे. तो ग्लासात उतरत नाही. डॉक्टर गाठा, घाम गाळा, आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा: फडक्याला काय लावलंय?