काल्याचा पडदा

आमच्या घरात शिलाई मशीन आली ती ब्लाऊज-परकर शिवायला. पण माझ्या बायकोनं, अनसानं, तिच्यावर ब्लाऊज फार थोडे शिवले. शिवली ती चित्रं. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एक गोवेकर मावशी राहायच्या. त्यांनी तिला दोन दुपारींत रीत दाखवली. सुईजवळचा कापड दाबणारा पाय काढून ठेवायचा, कापड लाकडी रिंगेत ताणून बसवायचं, आणि खाली पायानं मशीन मारत वर दोन्ही हातांनी रिंग फिरवत जायचं. कापड जाईल तिकडं दोरा जातो. अनसाचा मोर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा डबा हातात तसाच धरून उभा राहिलो होतो. मोरानंतर विहीर झाली, चिंचेखाली बसलेली म्हातारी झाली, पाण्यात उतरलेलं शेरडू झालं. ही सगळी चित्रं ट्रंकेत. कुणाला दाखवू म्हटलं की ती म्हणायची, "कशाला, हसत्याल लोक."

मी लोको शेडमध्ये फिटर. इंजिनं उघडायची, जोडायची, हेच काम. कीर्तनाचं मला वेड. दौंडात कुठंही टाळ वाजला की माझी सायकल आपोआप तिकडं वळते. त्यामुळं सत्याहत्तर सालच्या चैत्रात सासऱ्यांचा निरोप आला, तेव्हा अनसापेक्षा मीच जास्त हरखलो. सासरे भैरूमामा भीमेकाठच्या वडगाव रासाईचे. गावच्या सप्त्याला मांडवगणचे ज्ञानदेवबुवा काल्याचं कीर्तन करणार होते. बुवांच्या पाठीमागं दरवर्षी मळकी सतरंजी टांगायचे. मामांनी गावाला सांगून टाकलं, यंदाचा पडदा माझी लेक करील, गोकुळातला काला काढील त्याच्यावर.

बापाला नाही कसं म्हणायचं, म्हणून अनसा हो म्हणाली. त्या दिवसापासून तिला नीट झोप नाही. पहिल्यांदाच तिचं चित्र ट्रंकेबाहेर पडणार होतं, तेही सगळ्या गावासमोर, देवाच्या दारात. मला तिचा स्वभाव ठाऊक. हे जर फसलं, तर चित्रं ट्रंकेत जातील ती कायमचीच.

महिनाभर तिनं दुपारच्या दुपारी घातल्या. मांजरपाटाचा पुरुषभर उंचीचा पडदा. त्यावर यमुना आली, ती आमच्या भीमेसारखीच, मधे वाळूचा पट्टा असलेली. कृष्ण आला, घोंगडी पांघरलेला. सवंगडी शिदोऱ्या सोडून बसले. राहिल्या होत्या फक्त गायी आणि वासरं. काला रविवारी, आणि बुधवारी मशीन बसली.

मी ड्युटीवरून आलो तर ती रिंग मांडीवर घेऊन बसलेली.

"काय झालं?"

"पाय जड पडतोय. आन् दोरा सारखा तुटतोय."

"थांब, बघतो."

"राहू द्या की. आत्ताच तर आलाय तुमी."

"अगं, एवढं मोठं इंजिन उघडतो मी. ही किती."

असं मी दर वेळी म्हणायचो. मशीन अडली की मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचो, शेडमधून आणलेल्या बाटलीतलं तेल भरपूर सोडायचो. चार दिवस मशीन बरी चालायची, मग पुन्हा जड व्हायची. मशीनच जुनी, असं मी म्हणायचो, आणि अनसाही व्हय म्हणायची. त्या दिवशी मी तेल सोडलं, आणि दोरा दाबणाऱ्या चकतीची स्प्रिंग जरा ताणावी म्हणून पक्कड लावली. स्प्रिंग तुटली. अर्धी पकडीत, अर्धी मोरीत उडाली.

अनसा उठली, चहा ठेवला. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चहा देताना म्हणाली, "शिरूरला एसटी स्टँडच्या मागं बाळासो मिस्त्री हाय म्हनं. हात चांगला हाय त्याचा."

"तुला काय ठाऊक?"

"आयकलंय," ती म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

गुरुवारी माझी सुट्टी होती. मशीनचं डोकं लाकडावरून सोडवलं, पोत्यात बांधलं आणि शिरूरची एसटी धरली.

कंडक्टरनं पोत्याला पाय लावून पाहिला. "काय हाय यात? कोंबड्या?"

"शिलाई मशीन."

"चोरीची तर न्हाई ना?"

"बायकोची हाय."

"न विचारता आनली असंल तर चोरीचीच," असं म्हणून तो पुढं गेला. आसपासचे हसले. मला हसू येईना. मी पोतं मांडीवर घेतलं ते घोडनदीचा पूल येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

बाळासो मिस्त्री दुकानाच्या ओट्यावर बसला होता. चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. मी पोतं सोडलं. त्यानं मशीनवर नजर टाकली आणि गालातल्या गालात हसला.

"आली का आमची माहेरवाशीन."

"कोण?"

"ही मशीन हो. वर्साला तीनदा येती. वडगावच्या अनसाबाईंची ना? तुमी कोन त्यांचे?"

मी पोत्याची दोरी गुंडाळू लागलो. "पाव्हणा," मी म्हणालो.

"बरं झालं तुमी आलात. न्हाई तर बिचारी एकटीच डोक्यावर पोतं घेऊन येती. त्यांच्या मालकाला एकदा भेटायचंय मला."

"का?"

त्यानं मशीन आडवी केली, पोटात बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला काळा चिकट गोळा लागला होता, डांबरात बुडवल्यासारखा. "हे बघा. इंजिनाच्या सिलिंडरचं तेल हाय हे. तापलं तर पातळ व्हनार. ही मशीन काय कोळसा खाती व्हय? हितं ते गोठून बसतंय. मी दर टायमाला घासलेटनं धुवून काढतो, आन् हा भला मानूस पुन्ना ओततो."

मी खाली बसलो. अनसा वर्षातून तीनदा माहेरी जाताना मशीन घेऊन जायची. शेजारणीच्या स्टँडवर बसवून आईची कापडं शिवायचीत म्हणायची. मीच पोतं एसटीच्या टपावर चढवून द्यायचो.

"मग त्या नवऱ्याला सांगत का नाहीत?" मी विचारलं.

"मी तेच म्हनलं. बाई, तोंड हाय ना तुमाला. तर म्हनल्या, न्हाई मिस्त्री. दिसभर शेडात सायबाची बोलनी खाऊन येत्यात. घरी मशीन उघडून बसले, म्हंजी अभंग म्हनत्यात. दुरुस्ती संपस्तोवर म्हनत्यात. मी सांगितलं तर ते बंद व्हईल." बाळासोनं बोट फडक्याला पुसलं. "आता यावर आपन काय बोलनार?"

समोर रस्त्यावर कांद्याच्या पिशव्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती, तिच्या चाकाकडं बघत राहिलो. मी मशीनशी बसून अभंग म्हणतो, हे माझ्याच कधी ध्यानात आलं नव्हतं.

दोन तास लावून त्यानं मशीन धुतली. पण स्प्रिंग नव्हती. "पुन्याहून मंगळवारी यील."

"काला रविवारी हाय हो."

"मग ही जुनी घालतो. पन ढिली हाय. टीप पडंल, खालच्या अंगाला मातूर दोऱ्याचे झुपके येत्याल. वरनं कापड बरं दिसंल, खालनं न्हाई." निघताना त्यानं पातळ तेलाची एक लहान बाटली माझ्या हातात ठेवली. "त्या मालकाला द्या. माझं नाव सांगू नका."

घरी आलो. अनसानं पोतं सोडायला हात लावला. "काय म्हनला मिस्त्री?"

"काही नाही. तेल पातळ घाला म्हणाला."

तिचा हात गाठीवरच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. मग ती खाली मान घालून गाठ सोडत राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून मी वाकून पाहिलं. हसत होती. मलाही हसू आलं. त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा कधी एक शब्द बोललो नाही.

शुक्रवारी दुपारी तिनं पहिली गाय घेतली. मिस्त्री म्हणाला तसंच झालं. वरून टीप पडायची, पण पाठीमागं दोऱ्याचे वेटोळे लोंबायचे. वर तरी धड कुठं, ढिल्या दोऱ्यानं गायीचं पोट सुरकुतलेलं. तिनं उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. चार वाजता रिंग बाजूला ठेवली.

"आबाला निरोप धाडा," ती म्हणाली. "सतरंजीच बांधा म्हनावं."

स्प्रिंग मीच तोडली होती. आत जाऊन पाणी प्यायलो आणि परत आलो, तर तिनं रिंग उलटी करून धरलेली. पाठीमागच्या वेटोळ्यांवरून ती अंगठा फिरवत होती, पुन्हा पुन्हा.

"अहो, हितं हात लावा."

लावला. मऊ, दाट, कुरळं.

"काय वाटतं?"

"लोकर," मी म्हणालो.

तिनं कापड उलटं बसवलं आणि पाठीकडून शिवायला सुरुवात केली. वेटोळी सगळी दर्शनी बाजूला येऊ लागली. पांढऱ्या दोऱ्याचं एक, मग काळ्याचं, मग एक बांडं. तासाभरात यमुनेच्या वाळूवर तीन मेंढरं उभी राहिली.

कीर्तनं ऐकत माझं अर्धं आयुष्य गेलेलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "पण अनसा, काल्यात गायी असतात. बुवा काय म्हणतील?"

तिचा पाय थांबला. "आमच्या आबानं जलमभर मेंढरंच राखली," ती हळू म्हणाली. "गाय मला कवाच नीट काढता आली न्हाई. शिंगं बोकडावानी येत्यात." मग रिंग माझ्याकडं वळवून, "खरंच चुकीचं हाय का? तुमाला कीर्तनातलं कळतं. तुमी सांगा."

शास्त्र काय ते मला ठाऊक होतं. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि मी चुकीचं म्हटलं असतं तर तिनं कापड घडी करून ठेवलं असतं.

"देवाला सगळी जनावरं सारखी," मी म्हणालो. "तू कर."

पाय पुन्हा सुरू झाला.

रविवारी वडगावात मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात पडदा बांधला. भैरूमामा आधी लांबून बघत राहिले, मग काठी टेकत अगदी जवळ गेले आणि एका मेंढीच्या पाठीत बोटं घातली.

"पोरी, हिची लोकर कातरायला आली की गं."

"आबा, काय तरीच."

"आन् ही कडंची? हिला पाय तीनच."

"दोरा सरला, आबा."

"मंग लंगडी. असू दे. कळपात एक असतीच."

मांडव भरला. अनसा बायकांत पार मागं, खांबाआड जाऊन बसली. मी टाळकऱ्यांत उभा होतो, पण माझा टाळ सारखा चुकत होता. ज्ञानदेवबुवा आले, पडद्याला पाठ करून उभे राहणार तोच त्यांची नजर गेली. उपरणं खांद्यावर घेता घेता हात थांबला. त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग वळून गजर सुरू केला.

तासभर कीर्तन रंगलं. मग सवंगडी शिदोऱ्या सोडतात ते आख्यान आलं, आणि बुवा पडद्याकडं वळले.

"मंडळी, चाळीस वर्षं मी काला सांगतो. गोकुळात मी आजवर गायीच पाहिल्या. वडगावात मात्र देव मेंढरं घेऊन आला."

मांडवात हशा पिकला. मी खांबाकडं पाहिलं. अनसानं पदर कपाळाखाली ओढला होता. माझ्या हातातले टाळ गार पडले.

"हसलात ना?" बुवा म्हणाले. "मग मला सांगा, निम्मं गाव तुमचं मेंढरांमागं वाढलं. देव तुमच्या वाड्यावर आला, तुमच्याबरोबर रानात गेला, तर काय राखील?"

मग पुढून भैरूमामांचा आवाज आला, "मेंढरंच की, म्हाराज. दुसरं काय देनार त्येला?"

"ज्याच्या घरी आला, त्याचं राखलं. एवढंच आहे काल्यात," बुवा म्हणाले. "मी तासभर सांगत होतो ते या पडद्यानं आधीच सांगून ठेवलंय. कुणाचा हात हा?"

मामा काठीवर जोर देऊन उभे राहिले. "माझ्या लेकीचा. अनसाचा."

सगळ्या माना मागं वळल्या. बायका तिला पुढं ढकलू लागल्या. ती उठली नाही, पण तिनं पदर वर घेतला, आणि मांडवाकडं सरळ पाहिलं. मग बुवांनी चाल उचलली, आणि माझा टाळ पुन्हा लयीत आला.

शेवटी हंडी फुटली. दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे, सगळं उसळलं आणि अर्धं थेट पडद्यावर गेलं. बायका ओरडल्या, "पाणी आना, डाग पडंल." मी उपरणं भिजवून धावलो. अनसा माझ्याआधी पडद्याशी पोचली होती. तिनं माझा हात धरला.

"राहू द्या. मेंढरास्नी बी काला मिळाला."

तिच्या शेजारी भैरूमामा उभे होते. मेंढरांच्या लोकरीत दह्यानं चिकटलेल्या लाह्या एकेक करून वेचत होते, कपाळाला लावत होते आणि तोंडात टाकत होते. एक लाही त्यांनी लेकीपुढं धरली.